आबांच्या पाढ्यात माणूस नव्हता

"लूक आफ्टर!"

"काळजी घेणे!"

"लूक डाउन अपॉन!"

"तुच्छ लेखणे! आबा, गाडी सुटतेय!"

"सुटू दे! गिव्ह अवे!"

"देऊन टाकणे!"

"पुट अप विथ!"

जळगाव स्टेशनच्या फलाटावर माझे वडील खिडकीचे गज धरून ओरडत होते आणि मी आतून उत्तरं देत होते. मी निघाले होते इंग्लंडला, तिथल्या केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला. लोकांचे वडील अशा वेळी डोळे पुसतात, डबा हातात देतात. माझ्या वडिलांनी तोंडी परीक्षा घेतली. शेवटच्या प्रश्नाला गाडी हलली आणि आबा गाडीबरोबर पळाले. माझ्या हिशेबाने शिरसोलीपर्यंत तरी पळाले असतील. भाऊ म्हणतो दहा पावलंसुद्धा नाही, पण भाऊ आयुष्यात कधी पळालेला नाही, त्याला काय कळतं! "सहन करणे," असं मी शेवटी समोर बसलेल्या शेंगदाणेवाल्याला सांगितलं. त्याने घाबरून एक पुडी फुकट दिली.

शिंदखेड्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, तुम्हाला आबा सांगायला नकोत. तुमच्यातल्या निम्म्यांच्या तळहातावर त्यांच्या छडीची सही असेल. आवाज असा, की शिंदखेड्याच्या वर्गात खाकरले तर बोदवडला म्हशी पान्हा चोरायच्या. वर्गात पुस्तकी मराठी, संतापले की इंग्रजी, आणि मनातलं काही बोलायचंच झालं तर अहिराणी. ते फार क्वचित. इंग्रजी क्रियापदं त्यांनी आपल्याकडून पाढ्यांसारखी म्हणून घेतली. गिव्ह इन, गिव्ह आउट, गिव्ह अप. टेक ऑन, टेक ओव्हर, टेक आफ्टर. आजही शिंदखेड्यात कापूस मोजायला उभ्या असलेल्या कुठल्याही गड्याच्या कानात "रन आउट ऑफ" म्हणा. तो आधी "संपणे" म्हणेल, मगच वजन बघेल.

तो चारशे क्रियापदांचा गठ्ठा डोक्यात घेऊन मी इंग्लंडात उतरले आणि आठवड्याभरात मला कळलं, की आबांनी आपल्याला फसवलं. हो, फसवलंच. तिकडे ही क्रियापदं अशी उघडीबोडकी कोणी बोलत नाही. त्यांच्या पोटात माणूस असतो. पिक मी अप. पुट हिम डाउन. लेट हर आउट. टर्न मी ओव्हर. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांचं सगळं जगणं या चिमुकल्या शब्दांत चालतं, आणि मधोमध मी, तू, तो, ती. आपल्या पाढ्यात एकही माणूस नव्हता! काळजी घेणे आपल्याला येत होतं. कोणाची, ते आबांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

पहिल्याच सकाळी मॉरीनबाईंनी मला हे शिकवलं. वय अठ्ठ्याऐंशी. तीस वर्षं शहरात बस चालवलेली बाई. मी आपल्याकडची रीत धरून गेले. मोठं माणूस, त्याला बोटसुद्धा हलवू द्यायचं नाही. उशी सारखी केली, रुमाल बांधला, लापशीचा चमचा तोंडाशी नेला. बाई अशा गरजल्या, की मला वाटलं आबाच विमानात बसून आले. "टेक इट अवे! आणि मला बांधून काय ठेवतेस? डबल डेकर चालवली मी, चमचा चालवता येत नाही होय?" चमचा उडाला, लापशी भिंतीवर. आमची मॅनेजर नंतर हसत म्हणाली, "शी टोल्ड यू ऑफ, डिडन्ट शी?" टेल ऑफ म्हणजे खरडपट्टी काढणे, पाढ्यात होतं. मधे मी बसेन हे नव्हतं.

माझ्या लेखी मी सेवा केली होती. तिच्या लेखी मी तिला जिवंतपणी गुंडाळून ठेवत होते. रडले, चिडले, मग शिकले. हात लावायच्या आधी विचारायचं: शॅल वी सिट यू अप? त्यांनी हो म्हणेपर्यंत थांबायचं. जेवढं त्यांना जमतं तेवढं त्यांनीच करायचं, कितीही वेळ लागो. चार महिन्यांत मॉरीनबाई वॉकर धरून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जायला लागल्या आणि उशिरा येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची खरडपट्टी काढायला लागल्या. दोघांनी रूट बदलून मागितला म्हणतात. मीच म्हणते.

आणि मग आबा पडले. जळगावात मेहरूणला, भावाच्या घरात, बाथरूममध्ये. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मला रजा मिळाली तीन आठवड्यांची, तीही दोन महिन्यांनी.

घरात शिरले तर आबा पलंगावर, मखरात बसवल्यासारखे. वहिनी त्यांना भरवत होती, एकेक घास, हनुवटीखाली नॅपकिन धरून. डॉक्टरांनी दिलेला वॉकर खिडकीशी होता. त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यावर ओले टॉवेल वाळत होते. शेजारणी येऊन सांगत होत्या, "सून असावी तर अशी, सासऱ्याला पाय खाली टेकवू देत नाही!" हे खरं होतं. दोन महिने त्या माणसाचा पाय जमिनीला लागला नव्हता.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, उभं करा. या महिन्यात चालले तर चालले. नंतर कायमचं अंथरूण."

झालं. मी रोज सकाळी वॉकर पुढे करायचे आणि रोज भाऊ आडवा यायचा. "त्यांना त्रास नको देऊस. तू आज आहेस, उद्या जाशील. आम्हाला बघायचंय." वहिनी म्हणायची, "पडले बिडले तर लोक मला नावं ठेवतील." आणि शिरसोलीपर्यंत पळालेला माणूस भिंतीकडे तोंड करायचा.

खोटं कशाला बोलू, दोघं त्यांचं मनापासून करत होते. कसली कसूर नाही, अंगावर एक जखम नाही. म्हणून तर जास्त संताप यायचा. त्यांच्यावर, आबांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर, की परक्या मुलखात परक्या माणसांना मी एकेक करून उभं केलं आणि माझा बाप इथे आडवा.

घर म्हणजे काय, असं तिकडे आम्ही गेलेली माणसं जमलो की एकमेकांना विचारतो. कोणी म्हणतं भरीत, कोणी म्हणतं कळण्याची भाकर. माझं उत्तर आता वेगळं आहे. तिकडे आवाज चढवला तर तक्रारीचा फॉर्म येतो. घर म्हणजे जिथे मी ओरडू शकते आणि ओरडल्यावरही संध्याकाळी माझं ताट वाढलेलं असतं.

तर मी ओरडले. निघायला दोन दिवस राहिले होते. सकाळचे नऊ. भावाने वॉकर पुन्हा भिंतीशी सरकवला, वहिनीने त्यावर टॉवेल टाकला, आणि माझं डोकं फिरलं. आबांवर मराठीत ओरडायला माझी जीभ उचलत नाही. म्हणून त्यांनीच दिलेल्या इंग्रजीत ओरडले. आय सॅट हर अप! आय टुक हर आउट! आय ब्रॉट हर बॅक! परक्या बाईला, आबा! तुम्ही मला शिकवलंत लूक आफ्टर, मग लेट मी लूक आफ्टर यू! दे आर वेअरिंग यू डाउन, अँड यू आर लेटिंग देम! गेट अप म्हणत नाही मी, आय ॲम आस्किंग यू! मेहरूणच्या तलावातली बदकं उडाली असतील. समोरच्या गॅलरीत तीन माणसं उभी राहिली. वहिनीच्या हातातली वाटी तशीच राहिली.

भाऊ हळूच म्हणाला, "बाई, शेजारी ऐकताहेत."

मी पलंगापाशी बसले, आवाज खाली आणला आणि तिकडे दिवसातून वीस वेळा विचारते ते विचारलं. "आबा, शॅल वी सिट यू अप?" आणि थांबले. हात मांडीवर ठेवून थांबले.

आबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. लाल शाईचं पेन शोधत असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. चूक सापडली नसावी. मग कोपर गादीत रोवून, स्वतःच, इंचाइंचाने उठले. पाय पलंगावरून खाली सोडले आणि खाली वाकून पाहिलं.

"मनी चप्पल कोठे शे?"

भाऊ वहिनीकडे बघायला लागला, वहिनी वाटीकडे.

"दिली, आबा," भाऊ म्हणाला. "आता लागणार नाही म्हणून... देऊन टाकली."

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भावाच्या पायांकडे.

"मंग तुनी दे."