अण्णांचा ॲम्प्लिफायर पुन्हा वाजला

मंडळी, आज दुपारी कोसाडच्या घरी अण्णांचा जुना ॲम्प्लिफायर दुरुस्त करून सुरू केला. आत शॉर्ट असेल तर जळू नये, म्हणून वायरीत मध्ये शंभर वॅटचा बल्ब जोडला होता. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला. शॉर्ट असता तर तो पेटलेलाच राहिला असता; म्हणजे सगळं ठीक.

अण्णांना मात्र वाटलं, मशीन गेलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे रे भाऊ, जुनंच व्हतं."

मी हसत गाणं लावलं. कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेल्याने अण्णांना कमी ऐकू येतं. त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

खालून गुजराती शेजाऱ्याची हाक आली, "भाई, अवाज धीमो करो ने."

अण्णांना ती ऐकूच गेली नाही. मला गेली, पण बटणाला हात लावायची हिंमत झाली नाही. तुमची झाली असती?