गुणमालाबाईंनी लायब्ररी बंद केली, त्याची गोष्ट

भैरेवाडीच्या हायस्कूलमध्ये गुणमाला मगदूम एकोणतीस वर्षं ग्रंथपाल आहेत. सरकारी कागदावर त्या अर्धवेळ ग्रंथपाल. म्हणजे पगार अर्धा. कामही अर्धं असेल असा समज कुणी करून घेऊ नये. शिपायाच्या आधी कुलूप उघडणार त्या, आणि शेवटचं पोर हाकलून कुलूप लावणारही त्याच.

औंधच्या पलीकडे माळावरचं हे गाव. पाणी बेताचं, म्हणून घरटी एक माणूस फौजेत. सांगलीकडच्या ऊसमळ्यातून, जैन शेतकऱ्याच्या घरातून आलेली ही बाई इथं वर्षभर तरी टिकेल का, अशी शंका होती. टिकली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत गावात फक्त बनुबाईंना झाली, आणि उत्तर त्यांनाही मिळालं नाही. या बनुबाई म्हणजे बाईंच्या घरमालकीण. सुभेदाराची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, दात शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. गुणमालाबाई दिवस मावळायच्या आत जेवतात आणि कांदा-लसूण खात नाहीत, एवढं गावाला पाठ आहे. दुसरी पाठ असलेली गोष्ट म्हणजे पंधरा एप्रिल.

पंधरा एप्रिलला सगळी पुस्तकं परत. सुट्टीत एकही पुस्तक शाळेबाहेर राहायचं नाही. आजारपण, लग्न, जत्रा, कसलीही सबब चालत नाही. या नियमाला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाईंनी मोठ्या हौसेनं पोरांना मे महिन्यासाठी पुस्तकं दिली होती. जूनमध्ये जगाच्या नकाशांचं पुस्तक परत आलं तेव्हा आख्ख्या आफ्रिकेवर सांडगे वाळवल्याचे डाग होते. एका चरित्राचा चुलीला वारा घालायचा पंखा झाला होता. तेव्हापासून बाई उन्हाळ्याआधी लायब्ररी अशी बंद करत, की मुंगीनं आत जायचं तर अर्ज करावा. एकेक पुस्तक फडक्यानं पुसायचं, फाटलेलं चिकटवायचं, फळ्यांवर कडुलिंबाचा वाळलेला पाला पसरायचा, लाकडी मांडण्यांवर जुन्या चादरी टाकायच्या, आणि किल्ली पर्समध्ये घालून सांगलीला भावाकडे जायचं.

यंदा परीक्षा संपल्या आणि मंगळवारी हेडमास्तर शंभूराज सर लायब्ररीच्या दारात येऊन उभे राहिले. वय अडतीस, स्वभावानं चांगला माणूस, फक्त बाईंसमोर आला की शाळकरी होतो.

"मॅडम, पत्रे मंजूर झाले. सगळ्या शाळेचे."

"फार चांगलं. जूनमध्ये पोरं भिजायची नाहीत."

"व्हय, पण... सोमवारी जुने पत्रे उतरणार. आपली पण खोली. शनिवारी दोनपर्यंत रिकामी लागंल."

"आणि पुस्तकं?"

"पोत्यात भरू की. मागच्या गोदामात टाकू दोन महिने."

बाईंनी चष्मा काढला. हे लक्षण वाईट. त्यांनी सरांना हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, गोदामात नेलं. तिथं चार वर्षांपूर्वीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. बाईंनी एका गठ्ठ्यावर बोट टेकवलं. बोट आत गेलं. वरून कागद, आतून सगळी माती. वाळवीनं गणितापासून इतिहासापर्यंत काही सोडलं नव्हतं.

"एकवीसशे पुस्तकं आहेत माझी," बाई म्हणाल्या. "ह्यांना खाऊ घालायला जमवली नाहीत."

सर घाम पुसत म्हणाले, "मग मॅडम, दुसरी जागा सांगा. पंचायतीचं हापिस भरलंय, देवळात लग्नं हायत. संस्थेचे लोक म्हणत्यात, जागाच नसंल तर जुनी पुस्तकं रद्दीत द्या. शनिवारी दोनला टेंपो बोलवून ठेवलाय त्यांनी. मी न्हाई बोलवला, आईशप्पथ."

बाईंनी पुढचे चार तास गाव पालथं घातलं. दूध डेअरीत ओल, सोसायटीत खताचा वास, व्यायामशाळेला दारच नाही. पाच वाजता त्या घरी आल्या तर बनुबाई अंगणात लोकरीचे कपडे उन्हातून काढून घडी करत होत्या. शेजारी त्यांच्या सुभेदार नवऱ्याची काळी लोखंडी पेटी उघडी होती. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण. भैरेवाडीत अशी पेटी नाही असं घर नाही. माणूस भरती होताना ती घेऊन जातो आणि पेन्शनीत येताना घेऊन येतो.

"तोंड का असं झालंय? जेव आधी, दिस मावळंल," बनुबाई म्हणाल्या. "थालीपीठ केलंय, कांदा घातला न्हाई. घातला आसता तर चव आली आसती, पर तुझ्या नशिबात न्हाई ती."

गुणमालाबाई थालीपिठाकडे बघत नव्हत्या. पेटीच्या तळाशी पत्रांची चवड होती. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आंतरदेशीय पत्रं, निळी ती निळीच. एक कोपरा कुरतडलेला नाही.

"मावशी, ह्याला वाळवी नाही लागली कधी?"

"ह्याला? बर्फातनं आलीया ही, वाळवंटातनं आलीया. वाळवीचे दात पडत्याल."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या भोंग्यावरून सुभेदार नानासो यांचा आवाज गावभर घुमला. हे निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण आवाजाला अजून पेन्शन मिळालेली नाही. "ध्यान से सुनो! ज्यांच्या घरात फौजी पेटी हाय, त्यांनी धा वाजता शाळेत हजर व्हायचं. लायब्ररीच्या मॅडमनी बोलवलंय!"

शेवटचं वाक्य नको होतं. लायब्ररीच्या मॅडमनी बोलवलंय म्हटल्यावर भैरेवाडीत माणूस आधी घरातली फडताळं तपासतो. दहा वाजता पन्नासेक माणसं जमली, आणि त्यातल्या सातजणांच्या हातात पुस्तकं. सगळी चेहरे पाडून, रांगेत. सगळ्यात पुढं बिरदेव. सुट्टीवर आलेला हवालदार, चाळिशी उलटलेली, मिशीला तूप लावल्यासारखी चमक.

"मॅडम, चूक झाली. आठवीत नेलं हुतं. शिकारीचं."

बाईंनी पुस्तक घेतलं. शाळेचा शिक्का, आतलं कार्ड, सगळं जागेवर. "सत्तावीस वर्षं! होतं कुठं?"

"पेटीत. राजस्थान, आसाम, लडाख. जिथं बदली तिथं. लय येळा वाचलंय. परत द्यायला भ्या वाटायचं."

"मला घाबरतोस? आणि म्हणे सीमेवर असतोस."

"तिथं तुमी नसता न्हवं."

माणसं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या आसामच्या ओलीतही न फुगलेली पानं चाळत होत्या. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं: वाळवी, पत्रे, टेंपो, शनिवार. आणि पंचवीस-तीस पेट्या दोन महिन्यांसाठी मागितल्या.

 बनुबाई पदर खोचत पुढं झाल्या.

"पेटी देणार न्हाई कुणी."

"का?"

"माणसासंगं बाहेर जाती पेटी. माणूस घरात आसताना पेटी घराबाहेर काढत न्हाईत. आमच्यात चालत न्हाई. तुझी पुस्तकं आण की घरी. पेटीत ठिवू, कडी घालू."

"घरी? सुट्टीत?" गुणमालाबाईंचा आवाज चढला. "माझं पुस्तक सुट्टीत कुणाच्या घरी जाणार नाही. पेट्या शाळेत आणा, नाहीतर राहू दे."

"मग ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. मागोमाग बाकीची माणसंही पांगली. जाताना सातही जणांनी पुस्तकं मात्र टेबलावर ठेवली.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. बाई एकट्या पुस्तकं पुसत राहिल्या, जणू दरवर्षीसारखंच चाललंय. शनिवारी सकाळी सरांनी आठवण करून द्यायला म्हणून दारात डोकं घातलं. बाहेर रद्दीचा टेंपो दोनऐवजी साडेनऊलाच येऊन थांबला होता. टेंपोवाला आत आला, मांडणीवरून नजर फिरवली आणि एक जाड कोश हातावर तोलून बघितला. वजन बघितलं, नाव बघितलं नाही.

बस्स. तेवढं पुरलं. बाईंनी कोश त्याच्या हातातून काढून घेतला.

"सर, नानासोंना फोन लावा. म्हणावं, पेट्या रिकाम्या करा. आम्ही येतोय."

"घरी, मॅडम?"

"घरी, घरी! ऐकू येत नाही का? आणि ह्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा."

पुढचे चार तास भैरेवाडीनं जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. नानासोंनी शाळेपासून वेशीपर्यंत माणसांची साखळी लावली. बायकांनी डोक्यावर चुंबळी घेतल्या आणि त्यावर विज्ञान, इतिहास, काव्य असं भरलेल्या पाट्या. बिरदेवनं दोन्ही खांद्यांवर गठ्ठे घेतले आणि पोरींना वाट विचारत राहिला, कारण समोरचं काही दिसत नव्हतं. पेट्यांतून गणवेश, लग्नातले शालू, मच्छरदाण्या, एका घरात तर बँडचं बिगुल, असा संसार बाहेर पडून खाटांवर पसरला. प्रत्येक पेटीत तळाला कडुलिंबाचा पाला, वर पुस्तकं, कणे सगळे एका बाजूला. बाई दर घरी जातीनं उभ्या. "उभी लावा, आडवी नको. ओले हात पुसा. तंबाखू थुंकून या आधी."

पेटी भरली की कडीवरून कागदाची पट्टी, तिला दोन्हीकडे डिंक, वर शाळेचा शिक्का आणि बाईंची सही. चोवीस पेट्या, चोवीस सील. बनुबाईंच्या पेटीवर पट्टी चिकटली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आमाला चोर समजतीस व्हय गं?"

"सगळ्यांना समजते. तुम्हाला वेगळं कशाला काढू?"

"बघ हं. माझ्या पेटीला हात लावंल त्याचा हात मोडीन. मग तर झालं?"

पावणेदोनला बाईंनी रिकाम्या खोलीला कुलूप लावलं. आत काही नव्हतं, तरी लावलं. मग जेवल्या आणि सांगलीची गाडी धरली.

सांगलीत भरतेशच्या, म्हणजे धाकट्या भावाच्या घरी त्यांचं मन लागेना. जेवताना मधेच थांबायच्या. "पाटलांच्या घरात चूल पेटीच्या शेजारीच आहे रे," असं काहीतरी बोलायच्या. भरतेश म्हणायचा, "अक्का, पुस्तकं पेटीत आहेत, तुरुंगात नाहीत. श्वास घे." बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. नानासोंची सून क्रांती. दबक्या आवाजात.

"मॅडम, एक विचारायचं हुतं. आमच्या पेटीचं सील निघालंय."

 "कसं निघालं?"

"उन्हानं. आपोआप."

"क्रांती, डिंक उन्हानं अजून घट्ट बसतो. कुणी काढलं?"

 "मी. ती जाडी कादंबरी दिसली हुती ना, भरताना. एकच पान बघावं म्हटलं."

"कितव्या पानावर आहेस?"

"संपली. मॅडम, तिला दुसरा भाग हाय. तो कुठं हाय?"

बाईंना रागवायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "हात धुऊन वाचलीस ना?"

"दर येळी. सासूबाईंनीबी वाचली. आता दोघीबी आडकलोय. त्या बाईचं पुढं काय हुतं?"

दुसरा भाग कुठं होता ते बाईंना यादी न बघता सांगता येत होतं. नानासोंच्या पेटीत जागा संपली म्हणून तो पुढच्या घरी गेला होता. "बनुबाईंच्या पेटीत. खालून तिसरा थर, डावीकडं."

"तिथंच तर घोळ हाय! त्या देईनात. म्हणत्यात, मॅडमचं सील हाय, हात मोडीन. पेटीवर गोधडी टाकून त्यावरच बसत्यात दिसभर."

"फोन दे त्यांना."

पाच मिनिटांनी बनुबाईंचा आवाज आला. "काय गं? आमी चोर ना? ऱ्हाऊ दे मग."

"मावशी, मी सांगते, सील काढा."

"तू लावलंस, तूच ये काढायला."

"साडेतीन तासांची गाडी आहे! ह्या उन्हात? माझं चुकलं म्हणते. काढा आता."

बनुबाईंना एवढं ऐकायचं होतं, पण लगेच मानतील तर त्या बनुबाई कसल्या. "काढते. पर एका अटीवर. ही पोरगी हितं बसून मोठ्यानं वाचंल. मला बी कळू दे, एवढं काय हाय त्यात."

"वाचंल हो," क्रांती मागून ओरडली.

"आन् पहिल्यापास्नं. आदला भाग ऐकल्याबिगर दुसरा मला कसा उमगंल?"

"आज्जी! साडेपाचशे पानं हायत!"

"मग लाग की कामाला. मे म्हैना मोकळाच हाय. मॅडम, सांग तिला."

गुणमालाबाईंनी सांगितलं. आणखी एक सांगितलं, की नानासोंना म्हणावं, आज संध्याकाळी भोंग्यावरून पुकारा: बाकीच्यांनीही सील काढायला हरकत नाही, कुणाचं पुस्तक कुणाच्या पेटीत आहे ते मला फोन करून विचारा, आणि सांडग्यांपासून लांब बसून वाचा. पलीकडे पट्टी फाटल्याचा आवाज आला, मग कडीचा. फोन ठेवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. क्रांतीनं घसा साफ केला आणि पहिलं पान सुरू केलं.

"इतकं भरभर नको," बाई फोनवरून म्हणाल्या. "शाळेत धडा वाचत नाहीस आता. परत घे."

क्रांतीनं परत घेतलं. स्वयंपाकघरातून भरतेश जेवायला हाका मारत होता. ताट वाढून झालं होतं, आमरस होता. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि खुर्ची ओढून फोनशी नीट बसल्या.