टेल भिजली

साहेबराव पाटकऱ्याचं कालव्याच्या पाण्याशी बावीस वर्षांचं नातं. सणसरजवळच्या सात नंबरच्या चारीचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, हे त्याचं काम. उंच, जरा वाकलेला हा माणूस सायकल हातात धरून चारीच्या कडेनं चालायचा. मध्येच एखादं सुकं पान पाण्यात टाकायचा, त्याच्याबरोबर चार पावलं जायचा आणि पाणी किती आहे ते अचूक सांगायचा. शिवी त्याच्या तोंडात कधी आली नाही.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मात्र त्याचं कशातच मन लागेना. बेलमळ्याच्या ओढ्यावर धरण बांधून त्याचं पाणी सात नंबरच्या चारीत सोडायचं घाटत होतं. सहाशे एकर भिजणार होतं. चौदा घरं आणि साठ एकर रान बुडणार होतं. त्या साठात त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईबाईचं, तीन एकर होतं आणि एक विहीर होती. गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, तेव्हा तिच्या सासऱ्यानं ती स्वतः खणलेली. धम्म घेतला त्याच साली.

पण साहेबरावाला खुपत होतं ते आणखी वेगळं. सहाशेचा आकडा त्याच्याच वहीतून निघाला होता. चारीचं पाणी टोकापर्यंत पोचतं असं वही सांगायची, म्हणून धरणाचंही पोचेल असं धरलं होतं. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. नियमानं पाणी आधी टेलला द्यायचं, मग वर सरकायचं. टेल कोरडी राहिली की कचेरीतून खुलासा मागत. म्हणून अकरा वर्षं तो दर पाळीला वळणदार अक्षरात लिहीत आला होता, 'टेल भिजली.' खरं पाहता पाणी वरच्या उसातच जिरायचं. शेवटच्या दोनशे एकरांना थेंब दिसत नव्हता.

धरणासाठी गावात सभा ठरली, त्या दिवशी सकाळीच तो ताईबाईकडं गेला. बसला, उठला, विहिरीत डोकावला, परत येऊन बसला.

"साहेब्या, बूड टेकव की एका जागी. अंडं घालाय आलेल्या कोंबडीवानी काय करतूयास?"

"ताई, आज सभेत बोलावं म्हणतो."

"मग बोल की. धरण नगं म्हण."

"तसं न्हाय म्हणता येत. खाली पाण्यावाचून माणसं हायत."

ताईबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. अभियंत्यांनी नकाशा उलगडून सहाशे एकरांचा आकडा सांगितला. साहेबराव उठला, बसला, पुन्हा उठला.

"साहेब, सहाशे न्हाय, चारशे धरा. टेल भिजत न्हाय. मी खोटं लिवत आलो."

टेलचा शेतकरी सर्जेराव ताडकन उभा राहिला. "बहिणीचं रान बुडाय लागलं तवा टेल कोरडी दिसली व्हय, पाटकरी? अकरा वरसं बोंबलतोय मी! तवा काय म्हणायचास? 'वहीत तर भिजलीया, तात्या!'"

लोक हसले. साहेबरावाची मान खाली गेली. "व्हय तात्या. म्हणत व्हतो."

"आन् आता धरण मोडाय आलास?"

"न्हाय. धरण झालं तरी तुमच्या रानात पाणी येत न्हाय, एवढंच सांगाय आलो. वरचा ऊस ते बी पिऊन टाकंल. आधी पाळी टेलकडनं सुरू करा. ते न करता चौदा घरं बुडवली, तर कुणासाठी बुडवली म्हणायची?"

 सर्जेराव अभियंत्यांकडं वळला. "साहेब, आधी माझ्या रानात येऊन उभं ऱ्हावा. मग नकाशा दावा."

अभियंत्यांनी नकाशा गुंडाळला. "धरण रद्द झालं असं कुणी समजू नका. आकडे परत काढू. आणि साहेबराव, तुमचा लेखी खुलासा उद्या हवा."

परतीच्या वाटेवर सभेला आलेली ताईबाई त्याच्या सायकलीशेजारून चालत होती.

"नोकरी जाईल का रं?"

"सांगता येत न्हाय."

"आन् माझं रान?"

"ते बी सांगता येत न्हाय, ताई."

घरी आल्यावर तिनं विहिरीचं पाणी शेंदलं आणि तांब्या त्याच्या हातात दिला. "अकरा वरसं तात्याचं रान वाळत व्हतं, आन् तू भिजलं म्हणून लिवलंस," ती म्हणाली. "खुलासा तरी साध्या अक्षरात लिव."

त्यानं तो तीनदा लिहिला. सकाळी कागद खिशात घालून कचेरीकडं निघाला, पण फाट्यावर त्यानं सायकल वळवली आणि आधी टेलला गेला. सर्जेराव बांधावर उभाच होता. साहेबरावानं खुलासा आधी त्याच्या हातात दिला.