कावळ्याच्या वाटेने सोयगाव

समोरचा बोलू लागला की आमचे हेडक्लार्क उजवा हात ताठ पुढे करायचे. "आर्म्स लेंग्थ!" मग अर्थ सांगायचे: माणूस नेहमी हातभर लांब ठेवावा. असा एखादा तुमच्याही कचेरीत असेल. आमचा मला आजही सहन होत नाही.

पोलीस ॲक्शनमध्ये निजामाचं राज्य गेल्यावर कचेरीतलं उर्दू गेलं, इंग्रजी आलं आणि त्यापाठोपाठ मुंबईकडून हे आले. आमचं इंग्रजी यथातथाच, त्यामुळे यांचं फावलं. धान्यबाजाराचा मोंढा म्हणे 'स्टोन्स थ्रो', दगड भिरकावला तर पडेल इतका जवळ. तिथवर दगड टाकायला भीमच हवा होता.

लाडकी म्हण कावळ्याची, 'ॲज द क्रो फ्लाईज', म्हणजे सरळ रेषेतलं अंतर. "गोऱ्यांच्या गलबतावर पिंजऱ्यात कावळा असायचा. किनारा दिसेनासा झाला की सोडायचे. तो नाकासमोर जमिनीकडे जायचा. समजलं?" कचेरीपुढच्या लिंबावरचा एकही कावळा मी नाकासमोर उडताना पाहिला नाही. पण बोलणार कोण?

माझ्या शेजारच्या टेबलावर युसुफभाई बसत, निजामाच्या वेळचे कारकून. त्यांची सोयगावला बदली निघाली. घरी, गावातल्याच छावणी भागात, आई अंथरुणाला खिळलेली. दुसरं कोणी नाही.

"साहेब, अम्मी लई बीमार हाय. तिला मिट्टी द्यायला तरी मी इथं पायजे."

हेडक्लार्कांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. "बघा. ॲज द क्रो फ्लाईज, जवळच आहे. निरोप मिळाला की निघायचं."

"मधी अजिंठ्याचा घाट हाय, साहेब. मोटर वळसा घालून येती."

"पट्टी खोटं बोलते का?"

युसुफभाई गेले. पावसाळ्यात आई वारली. निरोप मिळताच ते निघाले, पण घाटात दरड कोसळून मोटर अडकली. मयत किती वेळ ठेवणार? शेजाऱ्यांनी आणि आम्ही खांदा दिला. दुसऱ्या दिवशी युसुफभाई चिखलाच्या पायांनी थेट कबरस्तानात आले. ओल्या मातीवर हात ठेवून बसले, ते उठेचनात. मला रडू आवरलं नाही.

आठवड्याने हेडक्लार्कांनी त्यांना बोलावून बदली रद्द केल्याचा हुकूम दिला. "झालं ना मनासारखं?"

"राहू द्या, साहेब. आता इथं कोन हाय माझं?" युसुफभाईंनी हुकूम परत केला आणि सोयगावची मोटर धरली.

पुढे हेडक्लार्कही मुंबईला परत निघाले. निरोपाच्या कार्यक्रमाचा हार आणायचं काम माझ्याकडे होतं. मी आणला नाही. सगळे माझ्याकडे पाहत राहिले, मी चहा पीत राहिलो. ते रिकाम्या गळ्याने टांग्यात बसले, आणि मला फार बरं वाटलं.