आईने चाकाला हात लावला

२००२ च्या जानेवारीत मी घरून निघाले, तेव्हा बाबा आवा रचत होते. कच्ची मडकी रचायची, शेणी-पाचटानं झाकायची आणि आग लावायची, असं आमचं कऱ्हाडजवळच्या गावातलं काम. बाबा मातीच्या हातांनीच रस्त्यापर्यंत आले. "पोचलीस की फोन कर," म्हणाले आणि पाठमोरे झाले.

न्यू जर्सीत एमएस झालं, लॅबमध्ये जॉब लागला, वेस्ट विंडसरला अपार्टमेंट घेतलं. पुण्या-नागपूरच्या मैत्रिणी मिळाल्या. वडील काय करतात विचारलं, की मी म्हणायची, "बिझनेस आहे." इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर बाबांचं काम ऐकून एकीनं "म्हणजे आरक्षणाच्या कोट्यातली!" म्हटलं होतं, तेव्हापासून ती सवयच लागली होती.

२००६ च्या मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. पंधरा दिवसांत कंटाळली. नागपूरची सुजाता म्हणाली, "काकूंना माझ्या पॉटरी क्लासला नेऊ या ना यार, मस्त एका फार्मवर असतो." मी आधी टाळायला पाहिलं. पण कारण काय सांगणार?

क्लास घेणारी मार्गारेट साठीची. जपानमध्ये शिकून आलेली. हिरव्या चहाची पूड, माचा, ज्यात फेटतात ते वाडगे ती हातानं घडवायची आणि लाकडाच्या भट्टीत भाजायची. आई शेडमध्ये शिरली, मळलेल्या मातीत तिनं बोट खुपसलं आणि म्हणाली, "हिला अजून मळायला पाहिजे. सांग तिला, आम्ही कुंभार आहोत."

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत म्हटलं, "माझे वडील कुंभार आहेत." चार वर्षांत पहिल्यांदा.

मार्गारेटनं हातातलं काम ठेवलं आणि प्रश्नांची सरबत्ती केली. मातीत काय मिसळता? धूर बघून काय कळतं? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. आई सांगत होती, मी ट्रान्सलेट करत होते. सुजाता शेवटी एवढंच म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस गं?" आवाजात राग नव्हता, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटली.

मग मार्गारेटनं आईला चाकावर बसायला सांगितलं. आई मागे सरली. "आमच्यात बायका चाकाला हात लावत नाहीत." माती मळणं, थापटणं, आवा रचणं, सगळं तिनं तीस वर्षं केलं होतं. फक्त चाक बाबांचं. मार्गारेट स्वतःच बसली आणि एक वाडगा काढून दाखवला. आई बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "तुझे बाबा काय इथं बघायला येतायत?"

पहिले दोन कोसळले. तिसरा उभा राहिला, एका बाजूला कललेला.

ऑक्टोबरमध्ये भट्टी पेटली. दुसऱ्या सकाळी आत नारिंगी दिसल्यावर आई म्हणाली, "झालं, आता बंद करा." मार्गारेट हसली. अजून दोन दिवस लाकूड घालायचं होतं, आग पांढरी होईपर्यंत. "आपली मडकी तर वितळली असती!" आई म्हणाली आणि पुढचे दोन्ही दिवस सरपण घालायला तीच पुढे.

आठवड्यानं भट्टी उघडली. आईच्या वाडग्यावर सरपणाची उडालेली राख वितळून मधासारखी ओघळली होती. "वाकडा आहे, बाजारात कुणी घेणार नाही," ती म्हणाली. मार्गारेट म्हणाली, असाच हातात नीट बसतो. तिनं त्यातच माचा फेटून दिला. आईनं तोंड वाकडं केलं, पण पूर्ण प्यायली.

तो वाडगा स्वेटरमध्ये गुंडाळून तिनं गावी नेला. पुढचं तिनं फोनवर सांगितलं. बाबांनी तो नखानं वाजवून पाहिला, उलटा केला.

"कुणी केला?"

"मी."

त्यांनी वाडगा सरळ करून कडेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "चाक विजेचं होतं का?" दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःच्या चाकावर मातीचा गोळा ठेवला आणि तिला हाक मारली.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, घराची आठवण मला आजही येते. पण पूर्वी ती यायची तेव्हा मी कुणाला सांगत नसे. आता दर शनिवारी मार्गारेटच्या शेडमध्ये माती मळताना मी सुजाताला बाबांच्या गोष्टी सांगते, आणि तेवढा वेळ मी घरीच असते.