तीन फूट वर उचललेली जमीन

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मी नेमकं काय शिकतो हे घरी कुणाला धड सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, तो घराचे नकाशे काढतो. बाबा गवंडी, ते सरळ इंजिनियर म्हणायचे. आर्किटेक्ट आणि इंजिनियर वेगळे असतात हे मी एकदोनदा समजावलं आणि मग सोडून दिलं.

हे लिहायचं मी बरेच महिने टाळत होतो. लिहिताना स्वतःची बाजू घेतली जाईल अशी भीती वाटायची. अजूनही वाटते.

चौथ्या वर्षी आम्हाला सहा महिने एखाद्या ऑफिसात काम करावं लागतं. मला बुलढाण्यातच एका आर्किटेक्ट सरांकडे जागा मिळाली. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष होतं. अळी लागत नाही म्हणून जे बियाणं लोक इतकी वर्षं लावत आले होते, त्यालाच अळी लागली. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत सगळं किडकं. कुणी उभ्या कपाशीत ढोरं सोडली, कुणी नांगर घातला. वेचणीच नव्हती, म्हणून वेचणीची माणसं बांधकामावर येऊ लागली. बाबांना इतके मजूर कधी मिळाले नव्हते.

सरांच्या ऑफिसात दोन सॉफ्टवेअर होती. एक चित्र काढल्यासारखं. जमिनीवर चौकोन काढायचा, तो बोटानं ओढल्यासारखा वर ओढायचा की खोली तयार. गिऱ्हाईक समोर चहा पीत असताना सर त्यात अख्खी इमारत उभी करायचे. पण त्यातल्या भिंती म्हणजे नुसते पृष्ठभाग. दुसरं सॉफ्टवेअर खऱ्या इमारतीचं. त्यात भिंत ही भिंत असते, कॉलम हा कॉलम असतो, आणि पाया जमिनीखाली किती जातो तेही त्यालाच सांगावं लागतं. साइटवर जाणारे नकाशे त्यातून निघतात. पहिल्यातलं चित्र दुसऱ्यात आणून बसवायचं, हे काम माझ्याकडे आलं. कॉलेजात मी ते शिकलो होतो आणि मला ते चांगलं येतं असं मला वाटत होतं.

धाड गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून एका कापूस व्यापाऱ्यानं वावराचा एक तुकडा घेतला होता. खाली दुकान आणि वर पोरापोरींसाठी अभ्यासिका, असं त्याला बांधायचं होतं. शेतात काही राहिलं नाही म्हणून पोरं भरतीच्या परीक्षांना बसतात आणि त्यांना बसायला जागा लागते, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. काम बाबांना मिळालं. नकाशा मुलाचा आणि बांधकाम बापाचं, याचा आईला फार आनंद झाला. मलाही झाला होता.

सरांनी चित्र काढताना शून्य पातळी रस्त्याची धरली होती. ते वावर रस्त्यापासून तीन फूट खाली होतं. मी चित्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणलं, जिथे वावराची मोजलेली जमीन आधीच होती, तेव्हा इमारत जमिनीच्या तीन फूट वर तरंगताना दिसली. मला वाटलं, आणताना काहीतरी सरकलं असेल. अशा वेळी आधी दोन्हींची शून्य पातळी तपासायची असते. मी तसं केलं नाही. मी जमीन धरली आणि तीन फूट वर उचलून इमारतीला चिकटवली. पडद्यावर सगळं नीट दिसायला लागलं. या कामाला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

माती पाहायला आधी एक खड्डा खणला होता आणि मुरूम सात फुटांवर लागला, अशी नोंद सरांच्या वहीत होती. त्याप्रमाणे मी पाया जमिनीखाली सात फूट दाखवला. पण तो मी उचललेल्या जमिनीखाली सात फूट होता. साइटवर मापं रस्त्याच्या पातळीपासून धरतात, त्यामुळे खऱ्या वावराखाली तो चारच फूट जाणार होता, म्हणजे काळ्या मातीत. आपल्याकडची काळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आक्रसते. तिच्यावर इमारत टेकवत नाहीत, हे आमच्या गावात शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतं.

कॉलमचे खड्डे पाहायला सर स्वतः जाणार होते. त्याच आठवड्यात त्यांच्या आईचं ऑपरेशन निघालं. निघताना त्यांनी विचारलं, साइटवर कोण आहे? मी म्हटलं, बाबा आहेत. मग काळजी नाही, असं म्हणून ते गेले.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मी साइटवर गेलो. कॉलम जोत्यापर्यंत उभे होते. सळई बांधणारे एक चाचा होते, बाबांचे जुने सोबती. मला पाहताच ते हसले.

"आओ इंजिनियर. तुह्या कम्प्युटरमंधी काळी माती दिसते का बे?"

मला कळलं नाही. मी विचारलं, काय झालं चाचा?

"काई नाई झालं. तीस वर्षं तुह्या बापासंगं काम करून राह्यलो. मुरूम लागल्याशिवाय हा माणूस खड्ड्यातून वर येत नव्हता. अवंदा पहिल्यांदा आला."

बाबा पलीकडे पाणी मारत होते. त्यांनी ऐकलं असावं, पण मान वर केली नाही.

सोमवारी मी फाइल उघडली आणि पाच मिनिटांत मला सगळं दिसलं. त्यानंतर आठ दिवस मी गप्प राहिलो. ते दिवस मला नीट सांगता येत नाहीत. रोज ठरवायचो की सर आले की सांगू. सर आले की वाटायचं, चाचा थट्टाच करत असतील, एखाद्या ठिकाणी मुरूम वर असूही शकतो. त्या आठ दिवसांत साइटवर खड्डे बुजले आणि जोत्याचे बीम भरून झाले. मी पहिल्याच दिवशी बोललो असतो तर खड्डे उघडेच होते.

नवव्या दिवशी सांगितलं. सर रागावले नाहीत. पडद्यावरची जमीन त्यांनी स्वतः तीन फूट खाली सरकवून पाहिली आणि म्हणाले, "पण तुझे वडील होते ना तिथं? ते कसे थांबले?"

घरी गेल्यावर मी बाबांना तेच विचारलं. ते जेवत होते. घास खाली ठेवून ते म्हणाले, "आकडा तुहा होता नं. मले वाटलं, तुले जे दिसते ते मले दिसत नसंन."

सर माझ्या वडिलांवर विसंबले, वडील माझ्यावर, आणि मी पडद्यावर. खड्ड्यात उतरून पाहिलेला एकच माणूस होता आणि त्यानं माझ्यासाठी स्वतःचे डोळे खोटे धरले. आई ताट उचलून आत गेली.

सरांनी मालकाला, त्या कापूस व्यापाऱ्याला, बोलावून सगळं सांगितलं. पाया फोडून खोल करायचा, नाहीतर फक्त तळमजला बांधायचा आणि वर काही चढवायचं नाही, असं लिहून त्याची सही घेतली. त्या हंगामात मालकाचाही धंदा बसला होता. त्यानं तळमजला निवडला. दुकान सुरू झालं. वर छतावर कॉलमच्या सळया तशाच उभ्या राहिल्या. कापून टाका म्हटलं तर त्यानं हो म्हटलं आणि कापल्या नाहीत.

दीड वर्षानं, मी शेवटच्या वर्षाला असताना, एसटीतून मला त्या छतावर वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी लावलेलं सेंटरिंग दिसलं. वर मजला चढवू नका, हे सांगायला बाबा मालकाकडे दोनदा जाऊन आले होते. दुसऱ्यांदा त्यानं त्यांना बसा म्हटलं नाही. काम दुसऱ्या ठेकेदाराला दिलं होतं. दिवाळीला अभ्यासिका उघडली. सरांनी मालकाला त्या सहीची आठवण देणारं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जिन्याच्या कोपऱ्यात भेग पडली. सरांनी शिकवलं होतं की भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची. इमारत हलत असेल तर काच तुटते. आम्ही बापलेकांनी ती चिकटवली, अभ्यासिकेतल्या पोरांसमोर. ती काय आहे ते कुणी विचारलं नाही. आषाढात बाबांचा फोन आला. काच तुटली होती, मधोमध.

मी तसाच निघालो. वर चाळीसेक पोरं-पोरी माना खाली घालून बसली होती. मी दारात उभा राहून सांगितलं की ही इमारत धोक्याची आहे, पाया उथळ आहे. माझा आवाज फार लहान निघाला असावा. एकदोघांनी दप्तर उचललं. एक मुलगी हळूच म्हणाली, "दादा, तीन आठवड्यांवर पेपर हाय. घरी लाइट नसते. मंग सोडतो आम्ही."

मालक आला. बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, उठले नाहीत. ते त्याला म्हणाले की चूक त्यांची स्वतःची, मुरूम नसताना ते थांबले. मी म्हटलं, चूक माझी, जमीन मी उचलली. मालकानं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कोनाची हाय ते बापलेक आधी घरी ठरवा," तो म्हणाला. "मंग या."

दुसऱ्या दिवशी भेग बुजवून त्यावर रंग दिला होता. काचेचे तुकडेही काढले होते.

त्यानंतर मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी तो दोनदा वाचला. अर्जदार कोण, आणि तक्रार कुणाविरुद्ध, एवढं स्पष्ट लिहा, म्हणाल्या. मालकाचं नाव मी लिहिलंच होतं. त्याच्या वर आणखी एक नाव लिहिलं.

"अहो, दोन्हीकडे तुमचंच नाव झालं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बरोबर आहे.

त्यांनी शिक्का मारला आणि चौकशीला वेळ लागेल असं सांगितलं. मी विचारलं, किती? पाऊस उघडल्यावर बघू, त्या म्हणाल्या, आता पावसात साइट पाहायला कुणी जात नाही.

पेपरला अजून अकरा दिवस आहेत. पाऊस उघडलेला नाही. बाबा रोज सकाळी त्या जिन्याशी जाऊन बसतात आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात. काही परत जातात. बाकीचे त्यांना ओलांडून वर जातात.