दगडातल्या पावलांना लागलेलं कुंकू

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बहरीनमध्ये, अदलिया भागातल्या आमच्या घरी पोहे परतत होते. शुक्रवार होता, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस. पुण्याहून त्यांचे यजमान माधवराव बोलत होते. "नीला, कुसुम गेली गं. मंगळवारी, झोपेतच." मग म्हणाले, "आधीच कळवायला हवं होतं, पण लाइनच मिळेना." मी नुसतं हो-हो करत राहिले. फोन ठेवून आत आले तोवर पोहे करपले होते. जवळचं माणूस गेल्यावर त्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे एक दगड आला. महिना उलटून गेला तरी तो हलत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सत्तरचं दशक सरत असताना मी लग्न होऊन बहरीनला आले. तेव्हा आम्ही हूरा भागात एका तीन मजली इमारतीत राहत होतो आणि आमच्या डोक्यावर कुसुमताई. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पुण्यात त्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवत असत. माधवरावांना इथल्या बँकेत नोकरी लागली आणि ताईंची सुटली, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नव्हती. वेळ जावा म्हणून त्यांनी लोणची घालून पाहिली. ती इतकी खारट झाली की माधवरावांनी हात जोडून सांगितलं, "तुझा इतिहासच बरा." मग ताईंनी इथला इतिहास धुंडाळायला घेतला. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी उजाडायच्या आत आमची वरात निघायची. पाच-सहा मराठी बिऱ्हाडं, थालीपिठांचे डबे, पाण्याचे थर्मास आणि सगळ्यांच्या पुढे डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या ताई. उत्तरेकडच्या हजारो वर्षांपूर्वीच्या पडक्या देवळाची विहीर, किल्ल्याखालची गाडलेली घरं, आणि पालथ्या पातेल्यांसारखी क्षितिजापर्यंत पसरलेली थडगी, सगळं आम्ही त्यांच्यामागून पायी हिंडलो. माझा नवरा एकदा वैतागून म्हणाला, "हक्काच्या सुट्टीला मेलेल्यांना भेटायला जायचं म्हणजे काय!" ताई मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या, "जिवंत माणसं तुला रोज ऑफिसात भेटतातच की."

ती पावलं त्यांनाच पहिल्यांदा दिसली. थडग्यांचा माळ ओलांडून दक्षिणेकडे तासभर खडी आणि काटेरी झुडपं तुडवत गेलं की चुनखडीचं एक बुटकं टेकाड लागतं. त्याच्या माथ्यावरच्या सपाट खडकात माणसाची दोन पावलं कोरलेली होती, बोटं पूर्वेला, आणि बाजूनं वाटीएवढे खळगे. ताई खडकाशी उकिडव्या बसल्या. वाकून त्यांनी एकेक बोट न्याहाळलं, आणि काहीतरी मोठंच सापडलेलं असणार हे आम्हाला कळलं. आमच्यात सखाराम म्हणून राजापूरकडचे एक ड्रायव्हर होते. ते पुढे होऊन म्हणाले, "वैनी, ह्या पादुका दत्तगुरूंच्या. माका तर तसाच दिसता." ताई उसळल्या. "पावलं दिसली की जोडले हात! सखाराम, इथे कुणी हळदकुंकू वाहिलं तर माझ्याशी गाठ आहे." त्या दिवसापासून तिथे कडक शिस्त लागू झाली. खडकावर चप्पल घालून चढायचं नाही, कोरलेल्या जागेत बोटसुद्धा घालायचं नाही. पुढे मुग्धानं, माझ्या लेकीनं, शेजारच्या दगडावर खडूनं रेघ ओढली तर तिलाही त्यांनी असं झापलं की पोर आठवडाभर त्यांच्याकडे फिरकली नाही.

त्यांच्या या कडकपणाला कारण होतं. तिकडे हमद टाउन या नव्या वसाहतीची घरं उठायला लागली होती, ट्रक खडी वाहत होते. कुणी जाणकारानं येऊन ती पावलं जुनी आहेत असं म्हटलं तर टेकाडाला कुंपण पडेल, नाहीतर एक दिवस त्याचीही खडी होईल, असं ताईंचं म्हणणं. इथल्या एका उत्खननावर काम करणाऱ्या परदेशी साहेबाच्या त्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. नोकरी गेली, वर्ग गेला, विद्यार्थी गेले, एवढं एक तरी आपल्या हातून वाचावं, अशी त्यांची धडपड होती. एरवी मनातलं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण हे त्यांनी मला बोलून दाखवलं होतं.

आणि त्याच सुमारास मुग्धा आजारी पडली. तीन वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, पुढचे दिवस कठीण आहेत, आणि वाचली तरी पायांवर उभी राहील का, हे आत्ता सांगता येणार नाही. माझी आई चिपळूणला, सासूबाई साताऱ्याला, इथे माझं म्हणून कुणी होतं तर ताई. त्या रोज डबा घेऊन यायच्या. एके दिवशी दुपारी आल्या त्या डब्याशिवाय. सँडल धुळीनं पांढरे झालेले, तोंड उन्हानं रापलेलं, हातांना खोबरेल तेलाचा वास. "कुठे गेला होतात?" मी विचारलं. "काही विचारू नकोस," म्हणाल्या आणि मुग्धाचे तळपाय हातात घेऊन बसून राहिल्या. मला वाटलं, डोक्याला तेल लावून आल्या असतील. माझं कशात लक्ष होतं तेव्हा!

मुग्धा वाचली. काही आठवड्यांनी भिंत धरधरून घरभर चालायला लागली. आम्ही पुन्हा टेकाडावर गेलो तर दोन्ही पावलांत तेल, बोटांवर कुंकू, खळग्यांत निरांजनं आणि भोवती नारळाच्या करवंट्या. सखाराम हात वर करून शपथेवर सांगत होते, "वैनी, माजो काय संबंध नाय. मी इलंय तेव्हा आधीच कुंकू व्हता. मगे म्हटला, कोणीतरी वाहिलाच हा तर आपण कित्याक मागे ऱ्हवा?" कामगारांच्या कॅम्पावरच्या कोकणी मंडळींत बातमी पसरली होती की बहरीनात दत्ताच्या पादुका सापडल्या. माझ्या इंजिनिअर नवऱ्यानंही हळूच हात जोडले. आम्ही सगळे ताईंच्या स्फोटाची वाट बघत होतो. त्या नुसत्या म्हणाल्या, "ऊन चढतंय, निघू या."

आणि नेमका त्याच थंडीत तो साहेब आला. जीपमधून उतरला, खडकाभोवती एक चक्कर मारली, काजळी बोटानं पुसून पाहिली आणि हसला. "मॅडम, कुंकू तुमच्या लोकांचं, दिवे तुमच्या लोकांचे. मग पावलंही त्यांनीच कोरली असणार. काम फार जुनं नाही." ताईंनी बोलायला तोंड उघडलं. आम्ही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पावलं होती आणि कुंकवाचा ठिपकाही नव्हता, हे सांगायला आम्ही सगळे साक्षीला होतो. पण मग कुंकू पहिल्यांदा कुणी लावलं, असा प्रश्न आला असता... ताईंनी माझ्याकडे पाहिलं, माझं बोट धरून उभ्या असलेल्या मुग्धाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "असेलही." जीप धूळ उडवत गेली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला मागे थांबवलं. "मीच लावलं गं. टॅक्सी करून एकटी गेले होते. दुसरीकडे कुठे जाऊ, सुचेना. तिथे म्हटलं, मुलगी घरी येईपर्यंत हे पुसणार नाही. आणि ती घरी आली तोवर तिथे जत्रा भरली." मला रडू फुटलं तशा त्या तडकल्या. "रडायचं नाही. मुलगी औषधानं बरी झाली, दगडानं नाही. मी मूर्खपणा केला, तो माझा मी केला. हे कुणापाशी बोलायचं नाही."

मी बोलले नाही. त्यानंतर ताईंनी शुक्रवारच्या फेऱ्या बंद केल्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. पुढे टेकाडाची एक बाजू खडीसाठी फोडली गेली आणि डावं पाऊल तिच्याबरोबर गेलं. माधवराव निवृत्त झाल्यावर दोघं पुण्याला परतली. मुग्धाच्या प्रत्येक वाढदिवसाला त्यांचं कार्ड यायचं, त्यात त्या टेकाडाबद्दल चकार शब्द नसायचा. माझ्या मनाला मात्र तेव्हापासून जे लागून राहिलं ते आजही आहे. माझ्या मुलीपायी त्या बाईंनी आपला विचार मोडला, आयुष्यात उरलेलं एकुलतं एक काम घालवलं आणि लोकांपुढे मान खाली घातली. एवढं सगळं कळून मला खडकाबद्दल हळहळ वाटायला हवी. ती वाटत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

गेल्या शुक्रवारी दहा वर्षांच्या मुग्धाला घेऊन तिथे गेले. उरलेलं एक पाऊल तेलानं काळं पडलं आहे, वर धूळ चिकटून दगडासारखीच घट्ट झाली आहे. मुग्धानं उकिडवं बसून नखानं खरवडून पाहिलं. तिला मराठी समजतं सगळं, उत्तरं मात्र ती इंग्रजीतून देते.

"आई, हू डिड धिस?"

"कुसुममावशीनं," मी म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

ती खळखळून हसली. "मावशी? नेव्हर! शी वुड किल देम. मस्ट बी सम स्टुपिड पर्सन, आई."

'तुझ्यासाठी केलं,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर ते ओझं कसं द्यायचं? "असेल कुणीतरी," मी म्हटलं, आणि ताईंना तिच्या तोंडून मूर्ख म्हणवून घेतलं. तिनं बाटलीतलं पाणी ओतून रुमालानं घासून पाहिलं, काही निघालं नाही. मग कंटाळून उठली आणि टेकाडाच्या उतारावरून धावत सुटली. "यल्ला, आई!" चल लवकर, अशी खालून अरबीत हाक आली. ते पाय खडीवरून कसे पडत होते हे बघत मी तिथेच उभी राहिले.

कुसुमताई, मला क्षमा करा. पण पुन्हा तशी वेळ आली, तर तुम्हाला टॅक्सीत बसवून कुंकवाची डबी मी माझ्या हातानं देईन.